खाली बसलेली

१

कतारच्या किनाऱ्यावर, समैस्म्याच्या त्या व्हिलात अफशां रोज सगळ्यांच्या आधी पोचायची. अल खोरला नवऱ्याला, म्हणजे अश्फाकला, कंपनीच्या बसपाशी सोडायचं, लेकीला, नूरैनला शाळेत, मग गाडी समुद्राच्या बाजूला वळवायची आणि वाटेतल्या कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवून घट्ट दुधाच्या करक चहाचा कागदी कप खिडकीतूनच घ्यायचा. व्हिलाच्या मोठ्या हॉलमध्ये दिवे लावले की ती तो चहा उभ्याउभ्या प्यायची आणि पिता पिता आपल्या माणसांवरून नजर फिरवायची. कुणाच्या नाकावर धूळ बसली नाही ना, कुणाचे केस विस्कटले नाहीत ना.

माणसं म्हणजे पुतळे. सिलिकॉनच्या कातडीचे, एकेक केस सुईनं रोवलेले. हजारो वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर शिकार करून, शिंपले गोळा करून जगलेलं एक कुटुंब, शाळेच्या मुलांसाठी मांडलेलं. व्हिला भाड्याचा, कंपनी दोहाची आणि पुतळे अफशांचे. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली ही मुलगी मुंबईत शिल्पकला शिकली, लग्न करून कतारला आली आणि बरीच वर्षं कापडदुकानांसाठी बाहुल्या बनवत राहिली. हे काम आलं तेव्हा तिला वाटलं, आता कुठं आपल्याला माणसं करायला मिळताहेत.

कामाबरोबर एक चित्रही आलं होतं. पुढं भाला घेतलेला पुरुष, त्याच्या मागं मासे वाहणारा तरुण मुलगा, दगडावर दगड आपटून विस्तव करणारा म्हातारा. आणि एका कडेला बाई. गुडघ्यांवर बसलेली, चामडं घासणारी, मान खाली, केस तोंडावर. अफशांनं आणखी चित्रं शोधली. पुस्तकांतली, जुन्या तक्त्यांमधली, इंटरनेटवरची. पुरुष प्रत्येक चित्रात वेगळा होता. बाई मात्र कुठलीही घ्या, ती गुडघ्यांवर, मान खाली, केस पुढं. जणू सगळ्या चित्रकारांनी एकाच बाईला समोर बसवून काढलं होतं.

"हॅरी सर, ही खालीच बसायची हे कुणाला कसं कळलं?" तिनं विचारलं.

हॅरी तुस्कानो वसईचे. मांडणीचं सगळं काम त्यांच्याकडं. "हाडांवरून कळत असेल, मॅडम."

"हाडं तर सगळ्यांची आडवीच सापडतात."

हॅरी हसले. "मग काय करायचं म्हणता?"

"उभी करते."

त्यांनी दोहाच्या ऑफिसला फोन लावला, थोडं इंग्रजीत बोलले, थोडं हिंदीत, आणि फोन ठेवून म्हणाले, "खलास, ठरलं. करा उभी. वेळेत झाली म्हणजे झालं."

अफशांनं ती उभी केली. उंच, खांदे मोकळे, एक हात डोळ्यांवर आडवा धरून लांबवर बघणारी. बसवताना हॅरींनी स्वतः तिच्या पायातले बोल्ट आवळले. बाकीच्या तिघांपेक्षा तीच आधी डोळ्यांत भरायची. निदान अफशांच्या.

२

उद्घाटनाआधी काही शाळांच्या शिक्षकांना बघायला बोलावलं होतं. ती मंडळी फिरली, फोटो काढले, चहा घेतला. जाताना दोहाच्या शाळेतल्या एक बाई अफशांचा हात हातात घेऊन हिंदीत म्हणाल्या, "सगळंच सुंदर आहे. ती खाली बसलेली बाई तर अगदी खरी वाटते. फक्त तिचा चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं."

अफशांला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण मागून एक गुरुजी म्हणाले, "चामडं घासताना तिची पाठ किती वाकलीय, नाही?"

ती मंडळी गेल्यावर अफशां हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. उभी बाई उभीच होती. तिच्या पुढ्यात पसरलेली वाळू, दोन-चार शिंपले, बाकी मोकळी जागा.

"लोक भिंतीवरची पाटी वाचत नाहीत मॅडम, बघतात कुठं," हॅरी वायर गुंडाळत म्हणाले. "लहानपणी पुस्तकात जे चित्र पाहिलं, तेच घेऊन येतात आणि तेच बघून जातात."

हे तिला पटलं. आपणही तसंच करतो की. गावाची आठवण काढली तर खाडी दिसते ती कॅलेंडरवरच्या खाडीसारखी निळी. खरी खाडी मातकट. डोळ्यांपेक्षा सवय जबरदस्त असते, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

हॉलच्या शेजारी, पूर्वी जिथं व्हिलाचं स्वयंपाकघर होतं, तिथं तिची कामाची जागा होती. त्या दुपारी म्हाताऱ्याच्या भुवया नीट करत असताना तिला आवाज आला. खर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खर्र. एसीच्या नळीत वाळू गेली असेल. इथं वाळू सगळीकडं जाते, बंद घड्याळातसुद्धा. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन नळी साफ करून गेला. नळीत वाळू निघालीच नाही, थोडी धूळ तेवढी निघाली. आवाज मात्र त्या दुपारीही आला. एकसारखा, न कंटाळता काम करणाऱ्या माणसाचा आवाज.

३

मग उद्घाटनाआधीच नूरैनच्या शाळेची सहल आली. मुलांना हॉलमध्ये जमिनीवर बसवून कागद, रंग दिले होते. नूरैन नऊ वर्षांची, वर्गात धावण्यात पहिली. घरातही ती चालत नाही, पळते. आईनं केलेले पुतळे मैत्रिणींना दाखवताना तिची मान ताठ झाली होती.

अफशां मुलांच्या मागून फिरत कागद बघत होती. भाला, मासे, विस्तव. आणि प्रत्येक कागदावर खाली वाकलेली एक आकृती, तोंडावर काळ्या रंगाचे फराटे. उभी बाई एकाही कागदावर नव्हती. नूरैनच्याही नाही.

तिनं लेकीला हळूच बाजूला घेतलं. "नूरैन, ही बाई काय करते?"

"शी इज सिटिंग, अम्मी. क्लीनिंग दॅट स्किन."

"बोट दाखव बघू."

नूरैननं बोट दाखवलं. अफशांनं त्या बोटाच्या रेषेत पाहिलं. ते पुतळ्याकडं नव्हतं. पुतळ्याच्या पुढं, मोकळ्या वाळूवर होतं.

"आणि उभी हाय ती?"

"व्हिच वन?" नूरैननं वर पाहिलं. तिची नजर पुतळ्याच्या चेहऱ्यावरून गेली, खिडकीवरून माणूस नजर फिरवतो तशी, आणि परत खाली वाळूवर येऊन थांबली. मग ती आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "अम्मी, डझन्ट शी गेट टायर्ड?"

४

अश्फाक रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये दाबाची आणि उष्णतेची मापं तपासायचा. जे मोजता येतं त्यावर त्याचा विश्वास. अफशांनं जेवताना त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हटलं, "फोटो दाखव."

तिनं मोबाइल पुढं केला. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "चांगलाच हाय की. केस तेवढे जास्तच पुढं आणलेस."

"कुणाचे?"

"हिचे. बसलेलीचे."

शुक्रवारी ती त्याला घेऊन व्हिलात गेली. जुम्म्याच्या नमाजानंतर रस्ते रिकामे होते. समुद्रावर दमट धुरकट हवा पसरली होती. हॉलमध्ये एसीमुळं अंगावर काटा यावा इतकं गार होतं. अफशांनं दिवे लावले आणि दारातच थांबली.

"आता एक करा. बाई दिसते ना तुम्हाला? तिच्या खांद्यावर हात ठेवा."

"अगो, एवढं काय त्यात!" तो पुतळ्यांभोवतीचा दोर ओलांडून आत गेला. तिला आशा होती की तो सरळ पुढं जाईल, सिलिकॉनच्या खांद्याला हात लावेल आणि दोघं हसतील. पण तो मध्येच वाकला. वाळूपासून गुडघाभर उंचीवर त्यानं हात नेला. आणि हात थांबला. हवेत माणूस हात थांबवतो तेव्हा बोटं जराशी हलतात. त्याची बोटं हलली नाहीत. ती कशावर तरी टेकली होती. तळव्याला गोलाई आली होती.

तो झटकन मागं आला आणि हात शर्टाला पुसत राहिला.

"हिच्यात हीटर लावलास काय गो?"

"नाय."

"मग गरम कशी?"

परत येताना तो गाडीत आपला तळवाच उलटसुलट करून बघत राहिला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "नोकरी सोडून दे. दुसरं बघू, इन्शाल्ला." आणि त्यानंतर त्यानं तो विषय काढू दिला नाही.

५

अफशांनं नोकरी सोडली असती. तिचं मन सारखं एकाच जागी जाऊन अडकत होतं, तरी सोडली असती. तिला वाटायचं, कुणीतरी एकानं पहिल्यांदा त्या बाईला खाली बसवलं. पुराव्यावरून नव्हे, त्याच्या घरातल्या बायका तशा बसायच्या म्हणून. मग दुसऱ्यानं त्याचं पाहून, तिसऱ्यानं दुसऱ्याचं पाहून. किती पुस्तकं, किती वर्ग, किती मुलं. इतक्या डोळ्यांनी इतकी वर्षं एकाच जागी एकाच बाईला वाकलेलं पाहिलं, तर त्या बघण्याला काही वजन येत असेल काय? त्या बघण्याखाली खरंच कुणी बसून राहत असेल काय? असं मनात आलं की ती स्वतःलाच दटावायची. मापं तपासणाऱ्या नवऱ्याच्या हाताला मात्र दटावता येत नव्हतं.

पण एका संध्याकाळी घरात फार शांत वाटलं. नूरैनच्या पळण्याचा आवाज नव्हता. अफशां तिच्या खोलीत गेली. नूरैन गुडघ्यांवर बसली होती. केस सोडलेले, सगळे तोंडावर आलेले. हातात फूटपट्टी, आणि ती पट्टीनं गालिचा घासत होती. पुढं, मागं. गालिच्यावर तेवढ्या जागेची लव उडाली होती.

"काय करतंस?"

"वी प्ले इट ॲट स्कूल. बॉईज गो हंटिंग."

"आणि तू?"

"आय सिट."

"तू पळत का नाय? तू तर त्यांच्या पुढं पळशील."

नूरैननं मान वर केली नाही. केसांच्या आतून तिचा आवाज आला, समजूत घातल्यासारखा. "अम्मी, गर्ल्स सॅट. दॅट्स हाऊ इट वॉज."

"ऊठ."

पट्टी चालूच राहिली. अफशांनं तिला काखेत धरून उचललं. पळणारी पोरगी, हाडांची हलकी, पण त्या वेळी तिला उचलताना दोघींचं वजन उचलल्यासारखं झालं. उभी केल्यावर नूरैन रडायला लागली आणि आपण का रडतो ते तिला सांगता येईना.

६

दुसऱ्या दिवशी अफशां दुपारी हॉलमध्ये शिरली ती हातात मातीचा गोळा घेऊन. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. माती हातात असली की तिला धीर यायचा, एवढंच.

खर्र. थांबणं. खर्र.

ती दोर ओलांडून गेली आणि वाळूत बसली. आता जवळून दिसलं. वाळूत दोन खळगे होते, गुडघ्यांचे. मांडणीच्या दिवशी वाळू तिनं स्वतः फळीनं सपाट केली होती. खळग्यांच्या पुढं एक गुळगुळीत पट्टा, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या पट्ट्यावरचे कण पुढं सरकले, मागं आले. वर काहीच नव्हतं.

पळून जावं असं तिच्या पायांना वाटलं. मग तिला गालिचा आठवला. ती आणखी वाकली. पार खाली, गाल वाळूला टेकेपर्यंत. केसांखालून बघायचं तर तिथूनच दिसलं असतं.

आणि क्षणभर दिसलं. काळे, जाड केस, दोन्हीकडून पडलेले, आणि मधे चेहऱ्याची जागा. जखम नाही, कवटी नाही, काही भयंकर नाही. तिथं काहीच काढलेलं नव्हतं. कागद कोरा राहतो तसं. इतक्या चित्रकारांनी तिला काढलं आणि प्रत्येकानं केस पुढं ओढून काम संपवलं होतं. ती कोरी जागा हळूहळू अफशांकडं वळली.

अफशांनं डोळे मिटले. मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. मातीचा एक तुकडा तोडला आणि हात पुढं केला. बोटांना ऊब लागली. ऊब आणि खाली हाड. कपाळाचं हाड, भुवईचा कंगोरा. माती धरली. डोळे न उघडता ती काम करत गेली. नाकाचा दांडा, नाकपुड्या, गालाची उंची. डोळ्यांच्या खोबणीत तिनं अंगठ्यानं जागा केली आणि पापण्या बसवल्या, तेव्हा त्या तिच्या बोटाखाली थरथरल्या. घासण्याचा आवाज केव्हा थांबला ते तिला कळलं नाही. ओठ अजून करायचे राहिले होते, तेवढ्यात दार उघडलं.

"मॅडम," हॅरींचा आवाज. कधी नव्हे इतका बारीक. "मॅडम, तिला चेहरा कुठून आला?"

अफशांनं दचकून हात मागं घेतला आणि डोळे उघडून वळून पाहिलं. हॅरी दाराची चौकट धरून उभे होते. "तुम्हालाही दिसत होती?"

"पहिल्या आठवड्यापासून. बोललो नाही. मला वाटलं, माझे डोळे गेले." त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "ती उठतेय, मॅडम. इकडं या. इकडं या तुम्ही."

अफशां परत वळली तेव्हा समोर माती नव्हती. बोटांना थोडीशी चिकटलेली होती तेवढीच. खळग्यांच्या पुढं वाळूत एक पाऊल उमटलं होतं. मग, ती बघत असतानाच, दुसरं. अनवाणी, बोटं फाकलेली, बरीच वर्षं न चाललेल्या माणसासारखी टाच जपून टेकलेली. हॅरी भिंतीला चिकटून सरकले, कुणाला तरी वाट द्यावी तसे. मागच्या बाजूचं काचेचं दार कुणी उघडलं नाही. पण आत खारट गरम हवेची एक झुळूक आली.

७

शाळा सुटल्यावर अफशां नूरैनला घेऊन परत समैस्म्याला आली. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. घरी जाऊन दार लावून बसणं शक्य नव्हतं, एवढं खरं. नूरैन गाडीतून उतरली ती थेट हॉलमध्ये पळत गेली. पळत गेली, हे अफशांच्या उशिरा लक्षात आलं.

नूरैन मोकळ्या वाळूपाशी उभी होती. मग तिनं वर पाहिलं आणि पुतळ्याकडं बोट केलं. "अम्मी! ही कधी केलीस?"

नूरैनला मराठी कळायचं, पण ती मराठीत कधीच उत्तर देत नसे. अफशां तिच्याजवळ गेली.

"आणि ती दुसरी? खाली बसलेली?"

"ती मघाशी शाळेच्या गेटवर आली होती. समुद्र कुठं हाय विचारत होती. मी दाखवला."

"तुझ्याशी बोलली?"

नूरैननं जरा विचार केला. "बोलता नाय येत तिला, हातानंच विचारलं. तोंडच नाय पुरतं." मग आईकडं बघून, राग नाही, नुसतं खरं ते सांगावं तसं म्हणाली, "तू घाई केलीस, अम्मी."

त्या दोघी मागच्या दारानं बाहेर पडल्या. ओहोटी लागली होती. समैस्म्याचा किनारा उथळ, पाणी पार लांब सरलेलं, ओली वाळू शिशासारखी चमकत होती. पलीकडं दोन कुटुंबं चटया टाकून बसली होती, त्यांची पोरं बादल्या घेऊन खेळत होती. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, घोटाभर पाण्यात, एक आकृती पाठमोरी उभी होती. ताठ. केस मागं टाकलेले. ती अंग ताणत होती, हात वर करत होती, पुन्हा खाली आणत होती, झोपेतून उठलेल्या माणसासारखी. चटयांवरची माणसं त्याच दिशेला बघत होती आणि चहा पीत होती.

अफशां तिला पहिल्यांदाच आख्खी पाहत होती.

त्या आकृतीचा खांदा हलला. मान फिरायला लागली. अफशांचा हात आपोआप नूरैनच्या डोळ्यांकडं गेला. पण तो अर्ध्यावर थांबला. हिनं न पाहता वाढावं आणि उद्या पुन्हा कुणीतरी दाखवील तेच खरं धरावं? हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला आणि तिनं नूरैनचा हात घट्ट धरला.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ."

ती आकृती वळली.

८

त्या दोघींनी काय पाहिलं ते अश्फाकला अजून सांगितलेलं नाही. त्यानंही विचारलं नाही. नूरैन घरभर पळते, खालच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार येते, अफशां त्यांची माफी मागते आणि लेकीला काही म्हणत नाही.

प्रदर्शन सुरू झालं. अफशांनं नोकरी सोडली नाही. वाळू आता सपाट आहे आणि सपाटच राहते. दुपारी हॉलमध्ये एसीशिवाय कसलाही आवाज नसतो. हॅरी आत येताना खोकतात, तेवढंच. मुलं येतात, त्यांना कागद दिले जातात. एकानंही वाकलेली बाई काढलेली नाही. सगळी उभी काढतात. उंच, कुणी हातात भाला दिलेली, कुणी मासे, कुणी डोळ्यांवर हात धरलेली. काही कागद अफशां घरी नेऊन जपून ठेवते.

तिनं केलेल्या पुतळ्याला तोंड आहे. ओठ आहेत, त्यांच्यात थोडी फट आहे, दातांची कडही दिसते. हे काम तिनं सावकाश केलं होतं. मुलं त्या पुतळ्यासमोर बसतात, मान वर करून निरखून बघतात आणि काढतात. डोळे काढतात, नाक काढतात, भुवया, कान, केसांत माळलेले शिंपलेसुद्धा.

तोंड मात्र कुणीच काढत नाही. विचारलं तर म्हणतात, तिला तोंड नव्हतंच.